निरोप घेऊन तूच जायचं

आमच्या वसईच्या घरी आल्तारावर, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीवर, मरियामातेचे चार फोटो आहेत. लूर्दची, फातिमाची, वेलंकणीची, आणि चौथा ग्वादालूपेच्या मातेचा, माझा मामेभाऊ बोटीवर कामाला होता तेव्हा त्याने मेक्सिकोच्या बंदरातून आणलेला. पहिल्या तिघी गोऱ्या, ही चौथी सावळी. केसांचा मधोमध भांग, मान किंचित खाली, हात जोडलेले, अंगावर चांदण्यांची हिरवट निळी ओढणी. फोटो आणला त्या दिवशी माझ्या मावशीने चष्मा पदराला पुसून तो अगदी नाकाशी धरून पाहिला, पोटाच्या वर बांधलेल्या काळ्या फितीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, हिला दिवस गेलेत रे. मावशीने तिन्ही बाळंतपणं वाडीत राबत काढलेली, तिला ते बघताक्षणी कळलं. मला नंतर वाचून कळलं की मेक्सिकोतले लोकही ती फीत तशीच वाचतात.

दर वर्षी १२ डिसेंबर, म्हणजे तिचा सण, जवळ आला की आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ह्याच फोटोचे मेसेज फिरायला लागतात. मूळ चित्र ज्या कापडावर आहे त्या कापडाचं टेंपरेचर माणसाच्या अंगाएवढंच असतं, डोळ्यांत कॅमेऱ्यासारखं प्रतिबिंब दिसतं, नासाने तपासलं आणि हात टेकले, वगैरे वगैरे. लोक श्रद्धेने पाठवतात, त्यांच्या श्रद्धेला मला काही म्हणायचं नाही. वाईट ह्याचं वाटतं की ज्या माणसाच्या खांद्यावर ते कापड होतं त्याच्याबद्दल त्या मेसेजमध्ये एक ओळ नसते. नासाचं ते खरं नाहीच, आणि खरं असतं तरी मला फरक पडला नसता, कारण ह्या गोष्टीतला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा चमत्कार त्या धाग्यांत नसून एका नकारात आहे. हुआन दिएगो नावाच्या गरीब माणसाने तिला हात जोडून सांगितलं की बाय, माझ्याऐवजी कुणीतरी मानाचा माणूस पाठव, आणि ती नाही म्हणाली. मरियेच्या भक्तीची, आणि नुसत्या भक्तीची कशाला, चर्च, सरकार, कोर्ट सगळ्यांचीच परीक्षा ह्या एका नकारावर व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

थोडं मागे जाऊया. १३ ऑगस्ट १५२१ ला तेनोच्तित्लान पडलं, म्हणजे आजचं मेक्सिको सिटी. हेर्नान कोर्तेसच्या स्पॅनिश सैन्याने आणि त्याच्या बाजूने लढणाऱ्या तिथल्याच काही राज्यांनी मिळून ते घेतलं, पण त्याच्या आदल्याच वर्षी देवीची साथ येऊन घरोघरी माणसं मेली होती. त्यानंतर एन्कोमिएन्दाची पद्धत बसली, म्हणजे गावंच्या गावं एकेका स्पॅनिश माणसाच्या हवाली करायची, त्याने लोकांकडून वसुली आणि वेठबिगार घ्यायची आणि बदल्यात त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. पुढच्या शंभर वर्षांत साथी आणि राबणूक ह्यांनी तिथल्या मूळ लोकांपैकी दहातली आठ-नऊ माणसं गेली. आणि हे चालू असताना तिकडे शिकल्यासवरल्या लोकांत वाद कशावर, तर ही माणसं आहेत का ह्यावर! १५११ च्या डिसेंबरात हिस्पानिओला बेटावर अंतोनियो दे मोन्तेसिनोस नावाच्या डॉमिनिकन संघाच्या फादरने प्रवचनातून स्पॅनिश वसाहतवाल्यांना विचारलं होतं, ही माणसं नाहीत का, ह्यांना आत्मा नाही का, तर समोर बसलेले सगळे संतापले. शेवटी १५३७ मध्ये पोप तिसरा पॉल ह्याला अधिकृत पत्र काढून सांगावं लागलं की होय, ही खरोखरची माणसं आहेत आणि त्यांचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता कुणी हिसकावून घेऊ नये. मेक्सिको सिटीजवळच्या तेपेयाक टेकडीवर मरिया हुआन दिएगोला दिसली ती गोष्ट १५३१ च्या डिसेंबरातली, म्हणजे त्या पत्राच्या सहा वर्षं आधीची.

ती गोष्ट नाहुआत्ल ह्या अॅझ्टेक लोकांच्या भाषेत लिहिलेली आहे, निकान मोपोहुआ म्हणतात त्या मजकुराला, छापून आला १६४९ मध्ये. हुआन दिएगो क्वाउतित्लानचा, मूळ नाव क्वाउत्लातोआत्सिन, परंपरेप्रमाणे वय सत्तावन्नच्या आसपास, बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली. शनिवारी पहाटे तो धर्मशिक्षणाला त्लातेलोल्कोला चाललेला असताना टेकडीवरून पाखरांचं गाणं ऐकू येतं आणि कोणीतरी हाक मारतं, हुआन्त्सिन, हुआन दिएगोत्सिन. हा 'त्सिन' प्रत्यय फार सुंदर आहे. त्यात मान आहे आणि लाडही आहे, आपण एखाद्या पोराला कौतुकाने 'या बाळासाहेब' म्हणतो त्यात दोन्ही असतं तसं काहीसं. दहा वर्षं ज्या लोकांना नवे मालक नुसतं इंडियन म्हणून हाकत होते त्यांच्यातल्या एकाला त्याच्याच भाषेत, त्याच्याच मानाच्या प्रत्ययासकट हाक आली. ती त्याला माझ्या सगळ्यात धाकट्या लेकरा म्हणते. तिला इथे एक छोटं देऊळ हवंय, म्हणजे ह्या भूमीतल्या लोकांचं रडणं तिला तिथे बसून ऐकता येईल. बिशपला जाऊन सांग.

तो जातो. बिशपच्या वाड्यावरची माणसं त्याला ताटकळत ठेवतात. बिशप हुआन दे सुमारागा ऐकून घेतो आणि म्हणतो पुन्हा कधीतरी ये, निवांत बोलू. ह्या वाक्याचा अर्थ जगातल्या कुठल्याही गरीब माणसाला समजावून सांगावा लागत नाही, साहेब बिझी आहेत उद्या या. हुआन दिएगोलाही तो कळतो. संध्याकाळी तो टेकडीवर परत येऊन तिला म्हणतो की माझं त्यांनी खरं धरलं नाही, तू कुणीतरी ओळखीचा, वजनदार माणूस पाठव, मी रानातला माणूस, मी मेकापाल आहे, मी काकाश्त्ली आहे, मी शेपूट आहे, पंख आहे, मलाच कुणीतरी पाठीवर घेऊन न्यावं लागतं आणि तू मला जिथे पाठवतेस ती माझी जागा नाही.

ह्या शब्दांपाशी जरा थांबायला पाहिजे. मेकापाल म्हणजे ओझं वाहताना कपाळावर घ्यायचा पट्टा. आपल्याकडे बाया डोक्यावर चुंबळ ठेवून वर पाटी घेतात, तिकडे ओझं पाठीवर असतं आणि त्याचा दोर कपाळावरच्या पट्ट्याला, सगळा भार मानेवर येतो. काकाश्त्ली म्हणजे ते ओझं रचायची लाकडी चौकट. 'शेपूट आणि पंख' म्हणजे नाहुआत्लमध्ये रयत, साधी जनता, असं बोलायची तिथे रीतच होती. म्हणजे हा माणूस आपण हमाल आहोत असंही म्हणत नाहीये, तो म्हणतोय मी हमालाचा पट्टा आहे. माणूस इतकं ओझं वाहतो की शेवटी तो स्वतःला ओझ्याचं सामान समजायला लागतो. गुलामगिरी मनात शिरते ती अशी, आणि ज्याने कुणी हे वाक्य लिहिलं त्याने ते कुठल्यातरी खऱ्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं असणार असं मला ते वाचताना प्रत्येक वेळी वाटतं.

तिचं उत्तर फार छोटं आहे. माझ्याकडे निरोप द्यायला माणसं कमी नाहीत, पण हे तुझ्याच हातून व्हायला पाहिजे, तू स्वतः जा. बास. ती त्याला तू हमाल नाहीस म्हणत नाही, त्याला राजा करत नाही, बिशपच्या स्वप्नात जाऊन त्याला दम देत नाही, तेही तिला जमलं असतं की. ती फक्त निरोप्या बदलत नाही. बिशपला जर काही कळायचंच असेल तर ते ह्याच माणसाच्या तोंडून ऐकून घ्यावं लागेल, एवढं ती पक्कं करून ठेवते.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. बिशप खूण मागतो, मागावर माणसं सोडतो, ती ओढ्यापाशी त्याला चुकतात आणि परत येऊन सांगतात की हा खोटारडा आहे, पुन्हा आला तर चोप देऊ. मग त्याचा काका हुआन बेर्नार्दिनो मरणाच्या दारात असतो, फादरला बोलवायला धावताना बाई पुन्हा अडवेल म्हणून तो टेकडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने जातो, आणि ती खाली उतरून त्याच्या वाटेत उभी राहते. पकडला गेल्यावर हा काय म्हणतो? झोप नीट लागली का तुला, बरी आहेस ना. त्या घाईत, त्या भीतीत हा तिची विचारपूस करतो, मला ती जागा वाचताना भरून येतं. तेव्हाच ती म्हणते, मी इथे आहे ना, तुझी आई? मेक्सिको सिटीतल्या तिच्या मोठ्या चर्चच्या, म्हणजे बॅसिलिकाच्या, दारावर हेच वाक्य आहे. मग टेकडीवर डिसेंबरच्या कडाक्यात फुललेले गुलाब, ते तिने स्वतःच्या हातांनी त्याच्या त्या घायपातीच्या धाग्याच्या पांघरुणात रचून दिले, वाड्यावरच्या नोकरांनी पुन्हा अडवलं, फुलांना हात घालायला बघितलं, आणि शेवटी बिशपसमोर त्याने पांघरूण सोडलं तेव्हा त्यावर तिचं चित्र. बिशप गुडघ्यावर बसला, रडला, माफी मागितली, आणि उठून त्याने त्या माणसाच्या मानेमागची गाठ स्वतःच्या हाताने सोडली. चित्र पडलं हे सगळे सांगतात, पण बिशपने एका हमालाच्या मानेवरची गाठ सोडली हेही तिथे लिहिलेलं आहे, तेही सांगा की कधीतरी.

सुमारागा काही वाईट माणूस नव्हता. त्याला मूळ लोकांचा रक्षक असं पदच दिलेलं होतं आणि १५२९ मध्ये त्याने मेक्सिकोतल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या अत्याचारांबद्दल थेट राजाला पत्र लिहिलं, जीव धोक्यात घालून चोरून पाठवलं. त्याच माणसाने १५३९ मध्ये तेश्कोकोच्या डॉन कार्लोस नावाच्या स्थानिक सरदाराला धर्मद्रोहाच्या आरोपावरून जाळून मारलं. त्यांच्यासाठी भांडणारा चांगला माणूससुद्धा त्यांचं बोलणं पुरावा मागितल्याशिवाय खरं मानत नव्हता, आणि म्हणून मला ही गोष्ट चांगल्या लोकांसाठी लिहिलेली वाटते. वाईट लोकांना निरोप पाठवून उपयोगच काय.

आता खरं-खोटं. हुआन दिएगो नावाचा माणूस होता की नाही ह्यावर चर्चमध्येच वाद झालेला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. सुमारागाच्या स्वतःच्या कागदपत्रांत ह्या दर्शनाचा उल्लेख सापडत नाही. छापील वृत्तांत १६४८ आणि १६४९ चे, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांनंतरचे. १५५६ मध्येच फ्रान्सिस्को दे बुस्तामान्ते ह्या फ्रान्सिस्कन संघाच्या फादरने प्रवचनात सांगितलं होतं की हे चित्र मार्कोस नावाच्या इंडियन चित्रकाराने काढलंय. अगदी अलीकडे १९९६ मध्ये बॅसिलिकाचे मुख्य, गियेर्मो शुलेनबुर्ग, ह्यांना हुआन दिएगोबद्दल शंका बोलून दाखवल्यावर पद सोडावं लागलं. मी स्वतः दर्शनावर विश्वास ठेवणारा माणूस आहे, पण शंका घेणाऱ्याला मी शत्रू मानत नाही. माझं म्हणणं इतकंच की बुस्तामान्तेचं खरं धरलं तरी काय होतं बघा. देवाने काढलं म्हणा, मार्कोसने काढलं म्हणा, स्पॅनिश साम्राज्याने गुडघे टेकले ते एका मूळ रहिवाशाच्या कापडापुढे किंवा एका मूळ रहिवाशाच्या हातापुढे, दोन्हींतून सुटका नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो मला झोंबतो. तेपेयाकवर आधी तोनान्त्सिन, म्हणजे आमची आई, ह्या देवीचं स्थान होतं असं सहागुनसारख्या त्या काळच्या फादरनेच लिहून ठेवलंय, तेव्हा ही सगळी गोष्ट म्हणजे लोकांची देवी काढून तिच्या जागी आपली बसवण्याची युक्ती होती, गरिबाला गप्प करण्याचं औषध होतं. ह्यातलं पहिलं अर्धं मी नाकारू शकत नाही. देवळं फोडली, मूर्ती फोडल्या, हे झालं आणि ते पाप होतं. पण गरीब गप्प झाले हे मात्र इतिहासात दिसत नाही. १६ सप्टेंबर १८१० ला मिगेल इदाल्गो ह्या फादरने दोलोरेस गावात स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठाव पुकारला तेव्हा वाटेत आतोतोनिल्कोच्या चर्चमधून ह्याच मातेचं चित्र उचललं आणि ते झेंडा झालं, आणि समोर राजाच्या फौजेने काय केलं तर रेमेदियोसच्या मरियेला आपली सेनापती केलं. दोन्हीकडे मरियाच, आणि शेतमजूर कुठल्या बाजूला उभे राहिले ते सगळ्यांना दिसलं. १९१४ मध्ये एमिलियानो झापाताचे शेतकरी राजधानीत शिरले ते टोपीला तिचे फोटो लावून. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतले मजूर डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत चालत गेले, त्यांचा पुढारी सेझार चावेझ बरोबर, आणि मोर्च्याच्या पुढे तिचा झेंडा. जे औषध झोपवायला दिलं असं म्हणतात त्याने माणसं शेकडो मैल चालली. तिला तोनान्त्सिन म्हणणारे लोक आजही आहेत, आणि मला त्यात गैर काही वाटत नाही, आई ती आई.

माझी खरी तक्रार तिसरीकडेच आहे, आणि ती आम्हा भक्तांबद्दल आहे. आम्ही चित्र घेतलं आणि माणूस परत पाठवला.

हे मी हवेत बोलत नाही. १५५५ मध्ये मेक्सिकोच्या पहिल्या धर्मपरिषदेने ठरवलं की इंडियन, मिश्र रक्ताचे आणि काळे ह्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा द्यायची नाही. म्हणजे ज्या बिशपच्या शहरात निरोप आणणारा इंडियन होता असं आपण मानतो, त्याच शहरात त्याच्या जातभाईने आल्तारापाशी उभं राहायचं नाही असं चोवीस वर्षांत कागदावर आलं. मग १७५० च्या सुमाराचं लुइस दे मेना ह्या चित्रकाराचं एक चित्र आहे, माद्रिदला असतं. वर मधोमध ग्वादालूपेची माता. तिच्याखाली चौकटी चौकटींत जोडपी आणि त्यांची मुलं, स्पॅनिश आणि इंडियन मिळून कोण होतं, स्पॅनिश आणि काळी मिळून कोण होतं, प्रत्येकाला नाव दिलेलं. आणि सगळ्यात खाली फळं मांडलेली. आईच्या ओढणीखाली जातींचा तक्ता! अशा चित्रांना कास्ता चित्रं म्हणतात, आणि आपल्याला लागलेला इंग्रजीतला कास्ट हा शब्द पोर्तुगीज 'कास्ता' वरूनच आलाय, त्या पोर्तुगीजांनी तो आपल्याच किनाऱ्यावरच्या जातींना लावला. त्यामुळे ते चित्र बघताना मला परक्या देशात असल्यासारखं वाटतच नाही.

आणि आपल्याकडे चर्चने वेगळं काय केलं? गोव्यात दिवाडी बेटावरच्या माथेउस द कास्त्रोला तिथल्या आर्चबिशपने दीक्षा दिली नाही, तो रोमला गेला, तिथे धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन दाखवलं. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया, आई इथली आणि बाप पोर्तुगीज, ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रुसावर मारला गेला, त्याच दिवशी तिथेच मेक्सिकोचा फेलिपे दे हेसूस मारला गेला, आणि दोघे १८६२ मध्ये एकत्रच संत झाले. फेलिपे मेक्सिकोचा पहिला संत, पण तो स्पॅनिश आईबापांचा मुलगा. मूळ रहिवाशांपैकी पहिला संत व्हायला त्यानंतर आणखी १४० वर्षं गेली, ३१ जुलै २००२ ला पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी मेक्सिको सिटीत हुआन दिएगोला संत केलं. त्या वेळी पोप फार चांगलं बोलले होते, मेक्सिकोला आपल्या मूळ लोकांची गरज आहे आणि मूळ लोकांना मेक्सिकोची. पण त्याच सोहळ्यासाठी हुआन दिएगोचं जे अधिकृत चित्र निघालं त्यात तो उजळ रंगाचा, भरघोस दाढीवाला, दिसायला चांगला स्पॅनिश माणूस. तिथल्या लोकांनी तेव्हाच विचारलं की हा कोण. चारशे सत्तर वर्षांनी संतपद दिलं आणि चेहरा काढून घेतला.

त्याच २००२ मध्ये आणखी एक गोष्ट झाली ती कमी लोकांना माहीत आहे. दक्षिणेला चियापासमध्ये बिशप सामुएल रुइझ ह्यांनी कित्येक वर्षं खपून त्सेल्ताल, त्सोत्सिल अशा लोकांतून तीनशेच्या वर डीकन तयार केले होते, डीकन म्हणजे बाप्तिस्मा, लग्न, प्रवचन करू शकणारे दीक्षित सेवक, बहुतेक सगळे लग्न झालेले शेतकरी, आपापल्या भाषेत बोलणारे. रोमला भीती वाटली की हळूहळू लग्न झालेल्या धर्मगुरूंची मागणी येईल, म्हणून नवीन डीकन करायला बंदी आली. ती उठायला २०१४ उजाडलं, पोप फ्रान्सिस आल्यावर. मी चर्चला सोडून गेलेला माणूस नाही, आत बसून बोलतोय, आणि मला ही दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्यात एका मेलेल्या इंडियनला संत केलं, आणि त्याच वर्षी जिवंत इंडियन शेतकऱ्यांना आल्ताराच्या पायरीवर थांबवलं.

सरकारचंही तेच. नोटांवर, शाळेच्या भिंतींवर अॅझ्टेक वैभव, आणि २०१८ च्या सरकारी मोजणीत मूळ समाजांतले जवळजवळ ७० टक्के लोक गरिबीत, बाकीच्यांत ३९ टक्के. २०२० च्या जनगणनेत मूळ भाषा बोलणारे ७३ लाखांच्या वर निघाले, मान्यता असलेल्या भाषा ६८. त्यातली एखादी भाषा घेऊन कोर्टात गेलं तर काय होतं? २००६ मध्ये केरेतारो राज्यातल्या एका आठवडी बाजारात सरबत विकणारी, ओतोमी ह्या मूळ समाजातली एक बाई पकडली गेली, आरोप काय तर तिने सहा फेडरल पोलिसांचं अपहरण केलं! तिला स्पॅनिश धड येत नव्हतं, दुभाषा दिला नाही, एकवीस वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षं आत काढल्यावर सुटली, आणि २०१७ मध्ये सरकारला जाहीर माफी मागावी लागली. त्या माफीच्या कार्यक्रमात तिची मुलगी बोलायला उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, सन्मान ही सवय होईपर्यंत. ते वाक्य मेक्सिकोत आता भिंतींवर लिहिलेलं असतं. सवय हा शब्द किती नेमका आहे. चमत्कार एकदा होतो, तेवढ्यापुरतं बिशपने गुडघ्यावर बसणं सोपं असतं, दर मंगळवारी पोलीस ठाण्यात, तलाठ्याकडे, दवाखान्याच्या खिडकीवर तेच करावं लागलं म्हणजे सवय.

मी दुसऱ्यांना बोलतोय तर स्वतःचंही सांगतो. आमच्या भागातल्या एका सभेत, काही वर्षांपूर्वीची गोष्ट, पाड्यावरची एक वारली बाई बोलायला उभी राहिली. विषय पाड्यावरच्या नळाचा. ती तिच्या बोलीत बोलत होती, मधेच थांबायची, पदर तोंडाशी घ्यायची, पण पाणी किती वाजता येतं, किती हंडे भरतात, कुणाचं लग्न असलं की वरचा व्हॉल्व्ह कोण बंद करतं हे सगळं ती बरोबर सांगत होती. दोन मिनिटांत कोणीतरी म्हणालं, ताई तुम्ही बसा, पाड्यावरच्या शिकलेल्या एखाद्या पोराला पाठवा, तो नीट मांडेल. चांगल्या हेतूनेच म्हणालं. मिनिट्स मी लिहीत होतो आणि मी लिहिलं, विषय पुढील सभेत. पुढच्या सभेला कोणी आलं नाही. आल्तारावरच्या फोटोसमोर बसलो की मला ती बाई आठवते, कारण हुआन दिएगो जे स्वतःहून मागत होता ते आम्ही तिला फर्मान म्हणून सुनावलं, की तू नको, दुसरा कुणीतरी पाठव. त्या दिवशी निरोप्या बदलणारे आम्ही होतो.

त्यामुळे गरिबांचा आवाज बनायची भाषा मला आता नकोशी वाटते. आवाज त्यांना आहे, चांगला खणखणीत आहे, आमचे कान त्या भाषेला तयार नाहीत एवढंच. कोर्टात दुभाषा हा उपकार म्हणून न देता हक्क म्हणून द्या. ग्रामसभेत वारलीत, भिल्लीत, कातकरीत बोललेलं तसंच्या तसं नोंदवहीत उतरवा, मराठी करायची असेल तर खाली करा. देवळात वाचन करायला, दान गोळा करायला, कमिटीत बसायला पाड्यावरची माणसं घ्या, नुसती मांडव घालायला आणि जेवणाच्या पंगतीनंतर भांडी घासायला नको. आणि १२ डिसेंबरला फोटो फॉरवर्ड करायचाच असेल तर बरोबर त्या मेकापालचं वाक्य पाठवा. कुणी म्हणेल ह्या बारक्या बारक्या गोष्टी आहेत. हो, आहेत, पण तेपेयाकच्या त्या मातेनेही एक छोटं देऊळच मागितलं होतं आणि माणूस कोण जाणार एवढ्यावरच अडून बसली होती.

चियापासमधलं पुढचं सांगून थांबतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस सान क्रिस्तोबालला गेले, तिथल्या लोकांच्या भाषांत मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, झाली आणि त्यांनी त्या समाजांना बाहेर ठेवल्याबद्दल क्षमा मागायला हवी असं सगळ्यांसमोर म्हटलं. तिथे मार्सेलो पेरेझ नावाचे फादर होते, स्वतः त्सोत्सिल, मिस्सा त्सोत्सिलमध्ये करणारे, जमिनीच्या भांडणांत आणि टोळ्यांच्या दहशतीत लोकांच्या पुढे उभे राहणारे, वर्षानुवर्षं धमक्या येत होत्या. २० ऑक्टोबर २०२४, रविवार, सान क्रिस्तोबालमधल्या एका वस्तीत सकाळची मिस्सा आटोपून ते गाडीत बसले आणि त्यांना गोळ्या घातल्या. नंतरच्याच महिन्यात रोमहून पत्र आलं, चियापासच्या त्या धर्मप्रांताने मागितलेल्या गोष्टींना मंजुरी मिळाली, मिस्सेत त्यांचं प्रार्थनेचं नृत्य, त्यांच्यातल्या जाणत्या माणसाने सगळ्यांच्या वतीने म्हणायची प्रार्थना, आणि धुपाटणं घेऊन आल्तारापुढे उभी राहणारी बाई. ती धूप दाखवते तेव्हा कोणी मधे येत नाही, आणि प्रार्थना चालू असते ती तिच्या आईच्या भाषेत.